पोकळ वाटणारा खांब : एअरबॅगची सत्तर वर्षे आणि डॅशकॅमची एक वायर

१/
मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना छतापासून डॅशबोर्डपर्यंत उतरणारा एक तिरपा खांब असतो. मोटारउद्योगात त्याला ‘ए-पिलर’ म्हणतात. डॅशकॅम बसवताना कॅमेऱ्याची वायर बहुतेक वेळा याच खांबाच्या प्लॅस्टिक आवरणाआडून खाली नेली जाते. आवरणाची कड बोटांनी जराशी ओढली की फट पडते, वायर आत सरकते आणि काही मिनिटांत काम नीटनेटके दिसू लागते. आवरणाच्या आत नुसती पोकळी असावी, असे वाटते. प्रत्यक्षात आजच्या अनेक मोटारींत त्या आवरणामागे घडी घातलेली एअरबॅग निजलेली असते.

२/
वायर त्या एअरबॅगच्या पुढून गेली आहे की मागून, हे एरवी कोणाच्याही लक्षात येत नाही. अपघाताच्या क्षणी मात्र तो फरक जीवघेणा ठरू शकतो. तो इतका मोलाचा का, हे समजून घेण्यासाठी १९५२ सालापर्यंत मागे जावे लागते. एअरबॅगचा इतिहास हा पिशवी आणि माणूस यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा इतिहास आहे. त्या जागेत काय असू नये, हे जगाला एकाएकी उमगले नाही. एकेका अपघातातून ते कळत गेले.

३/
अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यूपोर्ट नावाचे छोटे गाव आहे. तेथील अभियंता जॉन हेट्रिक १९५२ च्या वसंतात एका रविवारी पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन मोटारीने फिरायला निघाला. मुलगी पुढच्या आसनावर दोघांच्या मध्ये बसली होती. रस्त्यात अचानक अडथळा आला, मोटार वळवावी लागली आणि ती रस्ता सोडून चरात उतरली. त्या क्षणी हेट्रिक आणि त्याची पत्नी या दोघांचेही हात आपसूक मुलीच्या पुढे गेले, तिचे डोके डॅशबोर्डवर आपटू नये म्हणून. कोणालाही इजा झाली नाही.

४/
घरी परतताना हेट्रिकच्या मनात एकच विचार घोळत होता : हाताचे हे काम एखादी वस्तू करू शकणार नाही का? दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी नौदलात होता. तेथे एका टॉर्पेडोची दुरुस्ती सुरू असताना आतील दाबाखालची हवा एकदम सुटली होती आणि टॉर्पेडोवरचे कापडी आच्छादन क्षणार्धात फुगून छतापर्यंत उडाले होते. ते दृश्य त्याला आठवले. त्याने आराखडे काढले, ५ ऑगस्ट १९५२ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि १८ ऑगस्ट १९५३ रोजी त्याला पेटंट मिळाले.

५/
त्याच सुमारास जर्मनीत वाल्टर लिंडरर यानेही जवळजवळ हीच कल्पना मांडली होती. त्याचा अर्ज ऑक्टोबर १९५१ चा, म्हणजे हेट्रिकच्याही आधीचा; पेटंट मात्र नोव्हेंबर १९५३ मध्ये मंजूर झाले. एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन माणसांना, महासागराच्या दोन तीरांवर, एकाच काळात तोच उपाय सुचावा, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. दोघांचीही भिस्त दाबलेल्या हवेवर होती, आणि नेमकी तीच अपुरी पडली.

६/
अडचण वेळेची होती. समोरून जोराची धडक बसली की मोटार सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात थांबते. आतील माणूस मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याचे डोके स्टिअरिंगपर्यंत पोहोचण्यापूर्वी धडक ओळखणे, पिशवी सोडणे आणि ती पूर्ण फुगवणे ही तिन्ही कामे सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात उरकावी लागतात. डोळ्याची पापणी लवायलाही याहून अधिक वेळ लागतो. टाकीतली दाबलेली हवा इतक्या चपळाईने पिशवी भरू शकत नव्हती. हेट्रिकने मोटार कंपन्यांशी पत्रव्यवहार केला, पण कोणी हात पुढे केला नाही. १९७० मध्ये त्याच्या पेटंटची १७ वर्षांची मुदत संपली. त्या कल्पनेतून त्याला काहीही मिळकत झाली नाही.

७/
कोडे दोन बाजूंनी सुटले. पहिली बाजू धडक ओळखण्याची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी अभियंता ॲलन ब्रीड याने एक अतिशय साधा सेन्सर घडवला. एका नळीत पोलादी गोळी, आणि ती जागेवर धरून ठेवणारे चुंबक. मोटारीचा वेग झटक्यात घटला की गोळी चुंबकाची पकड सोडून पुढे सरकते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि इशारा जातो. खड्ड्यातून गेल्यावर गोळी हलत नाही, खरी धडक बसली की हलते. एवढा विवेक त्या गोळीत होता.

८/
दुसरी बाजू पिशवी भरण्याची. हवेऐवजी रसायन वापरायचे ठरले. सोडियम अझाइड नावाचा पदार्थ पेटवला की त्याचे विघटन होऊन नायट्रोजन वायू प्रचंड वेगाने बाहेर पडतो. मूठभर गोळ्यांतून निघालेला वायू पिशवी निमिषार्धात भरू लागला. येथे एअरबॅगचे स्वरूपच बदलले. हेट्रिकच्या कल्पनेतली उशी आता एक नियंत्रित स्फोट झाली होती. आवरण फाडून बाहेर पडणाऱ्या पिशवीची कड ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकते. या आकड्याचा अर्थ पुढच्या तीस वर्षांत जगाला समजायचा होता.

९/
१९७३ मध्ये जनरल मोटर्सने एअरबॅग बसवलेल्या सुमारे एक हजार शेवरले मोटारी तयार केल्या. १९७४ ते १९७६ या काळात कंपनीने आपल्या काही महागड्या मोटारींत ग्राहकांना एअरबॅगचा पर्याय दिला. खप सुमारे दहा हजारांपर्यंतच गेला आणि योजना गुंडाळली गेली. पोटापुरता पट्टा आणि पिशवी यांच्या जोरावर माणूस वाचेल, ही त्या पिढीतली कल्पना होती. पिशवीमुळे पट्टा अनावश्यक ठरेल, असेही अनेकांना वाटत होते.

१०/
जर्मनीत मर्सिडीज-बेंझने याच प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेले संशोधन १९८० च्या अखेरीस एस-क्लास मोटारीत उतरले. त्यात चालकासमोर एअरबॅग होती आणि सोबत अपघातात आपोआप ताणला जाणारा सीटबेल्टही होता. तेथून ‘पूरक सुरक्षा व्यवस्था’ ही संज्ञा रूढ झाली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे, म्हणजे ‘एसआरएस’, आजही मोटारीच्या आतील भागांवर कोरलेली दिसतात. ‘पूरक’ हा शब्द जपून निवडलेला आहे : पट्टा मुख्य, पिशवी त्याच्या साथीला.

११/
अमेरिकेत मात्र एअरबॅग राजकारणात अडकली होती. १९८१ मध्ये रेगन प्रशासनाने स्वयंचलित सुरक्षेची अट रद्द केली. विमा कंपन्या न्यायालयात गेल्या. जून १९८३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल कृती मनमानी ठरवली. १९८४ मध्ये वाहतूक मंत्री एलिझाबेथ डोल यांनी टप्प्याटप्प्याने अंमलबजावणीचा नियम काढला आणि १९९१ च्या कायद्याने पुढच्या दोन्ही एअरबॅग अनिवार्य होण्याची वाट मोकळी केली. १९९८ सालच्या मॉडेलपासून त्या प्रत्येक नव्या मोटारीत आल्या.

१२/
मध्यंतरी १२ मार्च १९९० रोजी व्हर्जिनिया राज्यातील कल्पेपर येथे एक विलक्षण घटना घडली. समोरासमोर आदळलेल्या दोन्ही मोटारी क्रायस्लर लेबॅरन होत्या आणि दोन्हींमध्ये एअरबॅग होती. दोन्ही मोटारींचा चुराडा झाला. दोन्ही चालक जिवंत बाहेर आले. एअरबॅग असलेल्या दोन मोटारींची ही नोंदली गेलेली पहिली समोरासमोरची धडक मानली जाते. आता एअरबॅगबद्दल शंका घेणे अवघड झाले होते.

१३/
आणि मग मुले मरू लागली. १९९० च्या दशकात अमेरिकेत अशा घटना समोर आल्या की अपघात किरकोळ, मोटारीला फारशी इजा नाही, पण पुढच्या आसनावरचे मूल गेलेले. मृत्यूचे कारण धडक नव्हते. फुगणारी पिशवी होती. अमेरिकी सरकारी यंत्रणेच्या अंदाजानुसार १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगमुळे २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतांश सहप्रवासी होते आणि त्या सहप्रवाशांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले आणि तान्ही बाळे होती.

१४/
बहुतेक मुलांनी पट्टा लावलेला नव्हता, किंवा ती मागे तोंड केलेल्या बाळ-आसनात होती. त्यामुळे त्यांचे डोके पिशवीच्या अगदी पुढ्यात आले होते. आपल्या मुलीपुढे आडव्या धरलेल्या हातातून हेट्रिकची कल्पना जन्मली होती. चाळीस वर्षांनी तीच कल्पना पुढच्या आसनावरच्या मुलांचा जीव घेत होती. पिशवी वाईट नव्हती. ती फुगण्याच्या वाटेत कोण आहे, याचा हिशेब चुकला होता.

१५/
यातून नियम घडले. मुलांना मागच्या आसनावर बसवावे. मागे तोंड केलेले बाळ-आसन चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. चालकाने स्टिअरिंगपासून छाती किमान २५ सेंटीमीटर दूर राखावी. १९९७ मध्ये पिशव्यांचा जोर कमी करण्यास परवानगी मिळाली आणि १९९८ पासूनच्या मोटारींत असे मृत्यू झपाट्याने घटले. दुसऱ्या पारड्यातले वजनही विसरता येत नाही : २०१७ पर्यंत पुढच्या एअरबॅगने एकट्या अमेरिकेत ५०,४५७ प्राण वाचवले, असा तेथील सरकारी यंत्रणेचा अंदाज आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांच्यामधला फरक मोकळ्या जागेचा आहे.

१६/
तोवर पिशव्यांनी नवी ठिकाणे शोधली होती. १९९० च्या दशकाच्या मध्यावर व्हॉल्वोने ८५० या मोटारीत बाजूची एअरबॅग आणली. ती आसनाच्या कडेत बसवलेली होती. डोक्याचा प्रश्न उरलाच होता. बाजूने धडक बसली तर दार आणि डोके यांच्यात जेमतेम वीतभर अंतर असते. १९९८ मध्ये व्हॉल्वोच्या एस-८० मोटारीत त्यावर उत्तर आले : छताच्या कडेला लांबच लांब घडी घालून ठेवलेली, धडकेच्या वेळी खिडक्यांवर पडद्यासारखी उतरणारी पिशवी. तिला ‘कर्टन एअरबॅग’ हे नाव पडले. त्याच वर्षी जपानमध्ये टोयोटानेही आपल्या एका मोटारीत ती आणली.

१७/
या पडद्याची घडी छताच्या अस्तराआड, ए-पिलरपासून मागच्या खांबापर्यंत पसरलेली असते. समोरची पिशवी फुगून लगेच रिकामी होते. पडदा मात्र काही सेकंद ताठ राहावा लागतो. कारण मोटार कोलांट्या घेऊ लागली तर ते काही सेकंदांचे काम असते आणि तेवढ्या वेळात माणूस खिडकीतून बाहेर फेकला जाऊ नये. २०११ च्या अमेरिकी नियमात हा पडदा सहा सेकंदांनंतरही किती रोखू शकतो, याची चाचणी घेतली जाते. बाजूच्या धडकेत वेळ आणखी अपुरा असल्याने तो समोरच्या पिशवीपेक्षाही चपळ असावा लागतो.

१८/
अशा रीतीने ए-पिलर बदलला. पूर्वी तो पोलादाचा खांब आणि त्यावरचे शोभेचे प्लॅस्टिक एवढाच होता. आता ते प्लॅस्टिक यंत्रणेचा भाग झाले. पडदा उतरताना आवरणाची कड ठरलेल्या दिशेने वाकावी, पण आवरण सुटून प्रवाशाच्या तोंडावर उडू नये, म्हणून अनेक मोटारींत त्याच्या क्लिपांना आतून बांधून ठेवणारी दोरीवजा पट्टी असते. अशा काही क्लिपा एकदाच वापरण्याच्या असतात; आवरण काढले की नवी क्लिप बसवावी, असे कंपनीचे दुरुस्ती-पुस्तक सांगते. खांबावर ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरे कोरलेली असतात, ती याच कारणाने.

१९/
आता दुसरा इतिहास. तो याच खांबाकडे वेगळ्या वाटेने आला. १९८० च्या दशकात अमेरिकेतील पोलिसांनी गस्तीच्या मोटारींत व्हिडिओ कॅमेरे बसवायला सुरुवात केली. मद्यपी चालकांविरुद्ध पुरावा हवा होता. पुढे कॅमेरे लहान आणि स्वस्त झाले आणि सामान्यांच्या हाती आले. रशियात विम्याचे वाद आणि बनावट अपघात यांमुळे ते घरोघरी पोहोचले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्क शहरावर उल्का फुटली, तेव्हा तिचे चित्रण असंख्य मोटारींच्या डॅशकॅमने केले होते. शास्त्रज्ञांनी तिचा मार्ग निश्चित करताना त्या चित्रणाचाही आधार घेतला.

२०/
भारतात खासगी मोटारीला डॅशकॅम सक्तीचा नाही. तरी अपघातानंतरच्या वादात आपली बाजू खरी ठरावी, या इच्छेने तो वेगाने पसरला. त्याच वर्षांत एअरबॅगही पसरत होती. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलमध्ये पुढच्या सहप्रवाशासाठीही. जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅगचा मसुदा नियम निघाला. पुढच्या दोन, बाजूच्या दोन आणि दोन पडदे असा तो सहांचा हिशेब.

२१/
४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. एअरबॅग असलेल्या मोटारीतही मागच्या आसनावरील प्रवाशांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ‘पूरक’ या शब्दाचा अर्थ महाराष्ट्राला त्या दिवशी पुन्हा कळला. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सहा एअरबॅगच्या नियमाला १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुदतवाढ दिली. पुढे सक्ती झाली नाही. पण त्याच तारखेपासून ‘भारत एनकॅप’ ही मोटारींना सुरक्षेचे तारे देणारी योजना लागू झाली आणि अनेक कंपन्यांनी आपणहून सहा एअरबॅग द्यायला सुरुवात केली.

२२/
म्हणजे दोन सुरक्षासाधने एकाच दशकात एकाच खांबापाशी येऊन भेटली. एक माणसाला वाचवणारे, दुसरे सत्य जपणारे. त्यांची गाठ वाईट पडते ती अशी : वायर आवरणाच्या फटीतून नुसती आत ढकलली, तर ती बहुधा घडी घातलेल्या पडद्याच्या पुढ्यात, म्हणजे पडदा आणि आवरण यांच्यामध्ये येते. पडदा सुटला की तो आधी त्या वायरीला भिडतो. त्याची उलगडण्याची दिशा बिघडू शकते, आवरण भलत्याच जागी अडू शकते आणि वायर, तिचे टोक किंवा खुद्द कॅमेरा प्रवाशाच्या अंगावर फेकला जाऊ शकतो.

२३/
म्हणून वायर नेण्याचा नियम इतिहासाच्या याच धड्यातून निघतो : वायर पडद्याच्या मागे, पोलादाच्या बाजूला. कंपनीने स्वतः टाकलेला वायरींचा गठ्ठा किंवा सनरूफचे पाणी उतरवणारी नळी बहुधा त्याच मागच्या बाजूने जाते. नवी वायर तिच्याच वाटेने न्यावी आणि थोड्या थोड्या अंतरावर केबल टाय किंवा कापडी टेपने तिला घट्ट बांधावी. पडदा सुटेल तेव्हा वायर मागे राहते आणि त्याच्या वाटेत येत नाही. पिशवीला, तिच्या पट्ट्यांना किंवा तिच्या बोल्टला वायर कधीही बांधू नये. उरलेल्या वायरीचे वेटोळे खांबात कोंबू नये.

२४/
कामाच्या आधीचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. इग्निशन बंद करावे, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि मोटारीच्या पुस्तकात दिली असेल तेवढी मिनिटे थांबावे. हा थांबा कर्मकांड नाही. धडकेत बॅटरीच तुटली तरी एअरबॅग सुटावी, म्हणून तिच्या नियंत्रकात कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. ती साठवण ओसरायला वेळ लागतो. एअरबॅगची जोडणी बहुधा पिवळ्या रंगाची असते. तिला हात लावू नये, मल्टिमीटर लावू नये, तिच्यातून वीज घेऊ नये. कॅमेऱ्यासाठी फ्यूज बॉक्समधून वीज घेताना एअरबॅगचा फ्यूज सोडून दुसरा निवडावा.

२५/
मागच्या काचेच्या कॅमेऱ्याची वायर अधिक अवघड, कारण छताच्या कडेने नेली तर तिला पडद्याची पूर्ण लांबी ओलांडावी लागते. तेथेही ती मागेच राहायला हवी. अस्तराच्या कडेत बोटाने दाबून बसवलेली वायर पडदा बाहेर पडण्याच्या नेमक्या वाटेवर असते. खालून, दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्टीखालून नेण्याचा पर्याय अनेकदा सोपा ठरतो. तेथे आसनाखालच्या पिवळ्या जोडण्यांपासून दूर राहायला हवे. काही मोटारींत चालकाच्या गुडघ्यांसमोरही एअरबॅग असते. स्टिअरिंगखालच्या भागातून वायर नेताना तिचेही भान हवे.

२६/
आपल्या मोटारीत पडदा आहे की नाही, हे मॉडेलच्या नावावरून ठरत नाही. एकाच मॉडेलच्या स्वस्त प्रकारात दोन आणि महाग प्रकारात सहा एअरबॅग असू शकतात. खांबांवरची अक्षरे आणि मोटारीसोबत आलेले पुस्तक हेच खरे साक्षीदार. अक्षरे दिसली आणि हाताला खात्री नसली, तर आवरण उघडण्याचे काम ती मोटार ओळखणाऱ्या तंत्रज्ञाकडे सोपवावे आणि त्याला एकच प्रश्न विचारावा : वायर पिशवीच्या पुढून जाते की मागून? उत्तर देताना तो अडखळला, तर काम तेथेच थांबवावे.

२७/
हा धडा वायरीपुरता नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने मोटारींपुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. पादचाऱ्यांना असलेला धोका हा त्यातला मुख्य मुद्दा. पण धडकेचा धक्का भलत्याच मार्गाने गेला तर एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही बिघडू शकतो. आसनाच्या कडेवर घट्ट शिवलेले कव्हर बाजूच्या पिशवीची वाट अडवते. आणि महाराष्ट्रातल्या असंख्य मोटारींत डॅशबोर्डवर विराजमान असलेली गणपतीची मूर्ती सहप्रवाशाच्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली असेल, तर अपघातात ती त्याच प्रवाशाच्या दिशेने सुटते. श्रद्धेला हरकत नाही. जागा मात्र हातभर बदलायला हवी. डॅशकॅमची जागाही डॅशबोर्डवर नाही. आरशामागे, काचेला चिकटून ती असावी.

२८/
जॉन हेट्रिकने मुलीपुढे हात आडवा धरला, तेव्हा तिच्या आणि त्या हाताच्या मध्ये काहीही नव्हते. नंतरच्या सत्तर वर्षांत हाताची जागा पिशवीने घेतली, सेन्सर बदलले, रसायने बदलली, कायदे झाले, पण ती अट तशीच राहिली. ए-पिलरचे आवरण उघडणाऱ्या प्रत्येक हाताला तीच अट लागू आहे. कॅमेरा अपघात कसा झाला हे सांगेल. तो सांगायला ऐकणारे माणूस उरावे, म्हणून वायर मागून न्यायची.

(लेखमाला समाप्त)